सात ठिकाणी ‘फेकतो’

किल्ल्यांचा जुडगा बायकोच्या नाकावर बसला तेव्हा अकरा वाजून चार मिनिटं झाली होती. वेळ नेमकी माहीत आहे, कारण तालमीत कधी काय झालं ते वहीत लिहायचं काम माझं होतं.

बायको म्हणजे नाटकातली बायको. तिचं काम करणारी नटी आणि नवऱ्याचं काम करणारा नट यांना आमच्या नाट्यगृहात सगळे नवरा-बायकोच म्हणत. खऱ्या आयुष्यात ते एकमेकांना चहासुद्धा विचारत नसत. नाटक इंग्रजीतून आपल्या भाषेत आणलेलं होतं. दोन माणसं, एक घर, लग्नाला नऊ वर्षं, आणि शेवटी ती घर सोडून निघून जाते. एवढ्या वेळात सात ठिकाणी काही ना काही फेकलं जातं.

“आई गं!” ती नाक धरून खाली बसली.

“अगं, झेलायचं होतं ना!” नवरा धावत आला.

“झेलायचं? गोफण आणलीस का घरून?”

तिथून पुढे सगळी घसरगुंडीच. अकरा चौदाला वर्तमानपत्रांचा गठ्ठा टोपलीत पडायचा होता, तो टोपलीसकट विंगेत गेला. अकरा बावीसला लाकडी सफरचंद स्वयंपाकघराच्या आडोशावरून पलीकडे जायचं होतं. ते आडोशावर ठाणकन आपटून नवऱ्याच्याच पायाशी परत आलं. अकरा एकतीसला कोट ओल्या पोत्यासारखा पडला. अकरा चाळीसला फुलदाणी भिंतीवर आदळून फुटायची होती. ती फुटली नाही. तिने छान उसळी घेतली, दोन टप्पे पडले, आणि लाडात आलेल्या मांजरासारखी गडगडत दिग्दर्शकांच्या बुटाशी येऊन थांबली. शेवटी बायकोने नाकाचा सूड म्हणून तोच जुडगा असा मारला की सेटवरच्या दाराचा टवका उडाला. सातांपैकी एकच गोष्ट धड झाली, ती म्हणजे उशी.

दिग्दर्शक तरुण होते, याच नाटकासाठी बाहेरून आलेले. ते कधी आवाज चढवत नसत आणि त्याचीच जास्त भीती वाटे. त्यांनी फुलदाणी उचलली आणि माझ्या आत्याच्या हातात दिली. नाट्यगृहाचं सगळं सामान सव्वीस वर्षं तीच बनवते आणि सांभाळते.

“बाई, मला नऊ वर्षांचा संसार हवा होता. तुम्ही मला दगडफेक दिलीत.”

आत्याने फुलदाणी उलटसुलट करून पाहिली.

“उद्या अकराला सातही पुन्हा बघू. जमलं तर जमलं. नाहीतर सामान बाहेरून भाड्याने आणू. व्यवस्थापकांना तुमची खोली तशीही कपडे बदलायला हवी आहे.”

“बरं,” आत्या म्हणाली आणि फुलदाणी पदराने पुसत निघाली.

रंगमंचामागून तीन पायऱ्या उतरलं की सामानाची खोली लागते. छताला खुर्च्या टांगलेल्या, भिंतीवर एकवीस घड्याळं, सगळी बंद, आणि मधोमध आत्याचं टेबल. पदवीनंतर ‘काहीतरी मिळेपर्यंत’ म्हणून मी इथे आले, त्याला आठ महिने झाले होते. भौतिकशास्त्र शिकलेल्या मुलीने खोट्या पावाला रंग लावत बसावं याचं आईला वाईट वाटायचं. मला नाही वाटायचं. पण त्या दिवशी त्या टेबलाशी मला बसवेना, कारण दगडफेक कोणी दिली होती हे मला माहीत होतं.

नाटकाचे संवाद एका लेखकाने भाषांतरित केले होते. हालचालींच्या सूचना मात्र तशाच इंग्रजीत राहिल्या होत्या, आणि मूळ लेखकाने लिहिलेली प्रत्येक हालचाल तंतोतंत पाळायची हा दिग्दर्शकांचा नियम. त्या सूचनांची यादी मी केली होती. कोण, कुठली वस्तू, काय करतो. तीच नटांना गेली, तीच आत्याला.

“आत्या, यादीत सात ठिकाणी मी ‘फेकतो’ लिहिलंय.”

“हो. वाचलं मी.”

“मूळ पुस्तकात वेगवेगळे शब्द आहेत. टॉस, चक, लॉब, फ्लिंग, हर्ल. माझ्या छोट्या शब्दकोशात पहिल्या शब्दाला ‘फेकणे’ निघालं. दुसऱ्यालाही ‘फेकणे’. तिसऱ्यानंतर मी शब्दकोश उघडलाच नाही. पुढच्या शब्दांवर नुसती नजर टाकून ‘फेकतो’ लिहीत गेले.”

आत्याने चष्मा काढला. “सगळे घोडे बारा टक्के!”

“मी आत्ताच जाऊन सरांना सांगते. चूक माझी आहे.”

“बस खाली. उद्याच्या आधी सांगितलंस तर ती सबब होईल. नंतर सांगितलंस तर माहिती.” तिने फुलदाणी टेबलावर ठेवली. “आणि चूक तुझी एकटीची कशी? मी दर वस्तूला एक प्रश्न विचारते. ही पकडणार कोण? सव्वीस वर्षांत कधी चुकले नाही. या वेळी पदवीधर भाची यादी करतेय म्हणून विचारलंच नाही. ‘फेकतो’ वाचलं आणि सगळं दणकट करून मोकळी झाले. कोट नीट उडावा म्हणून त्याच्या काठात वाळू शिवली गं मी! आता बोल. त्या शब्दांत फरक काय आहे?”

खरं उत्तर ‘माहीत नाही’ हे होतं. आणि गंमत म्हणजे ते कळल्याक्षणी माझी भीती गेली. माहीत नाही म्हणजे शोधता येतं.

आमच्या कपाटात एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश होता. तीन नाटकांत वकिलाच्या टेबलावर बसला होता, पण कोणी उघडला नव्हता. त्यात प्रत्येक शब्दाखाली वाक्यं दिली होती. अर्थ वाचायचेच नाहीत असं मी ठरवलं. अर्थ लिहिणाऱ्यांचेही घोडे बाराच टक्के होते, फिरून फिरून ‘थ्रो’वर येत होते. मी फक्त वाक्यं वाचली आणि प्रत्येकातून तीन गोष्टी टिपल्या. काय फेकलं, कोणी फेकलं, ते कुठे गेलं.

दीड तासात सत्तावन्न वाक्यं झाली आणि माझा चहा गार झाला.

“आत्या, ऐक! हर्ल शब्दात दगड आहेत, भाले आहेत, शिव्या आहेत. मऊ वस्तू एकही नाही. लॉबमध्ये जवळजवळ सगळीकडे चेंडू, आणि दर वेळी कशाच्या तरी वरून. कुंपणावरून, जाळीवरून, भिंतीवरून. चकमध्ये कचरा, जुने कपडे, एकाने तर नोकरीच चक केलीय! फ्लिंगमध्ये माणसं हात पसरतात, दारं धाडकन उघडतात, स्वतःला पलंगावर झोकून देतात. आणि टॉस...” मी कागद उलटला. “टॉसमध्ये नाणं, चेंडू, काड्यापेटी, टॉवेल. सगळं हलकं, आणि बहुतेक वाक्यांत समोर कोणीतरी आहे.”

“किती जोरात, ते लिहिलंय का?”

“नाही.”

“मग मला वजन कसं कळणार? दोनशे ग्रॅमच्या किल्ल्या करू की पन्नासच्या?”

“मोजूया,” मी म्हणाले.

तीन वाजता रंगमंच रिकामा असतो. आमच्या मिस्त्रींना, म्हणजे सेट बांधणाऱ्या सुतारांना, मी हाताला धरून आणलं. शंभर ग्रॅम वाळूची कापडी पिशवी त्यांच्या हातात दिली, समोर साडेतीन मीटरवर खडूने रेघ मारली आणि फोन तिकाटण्यावर बसवला. त्यात सेकंदाला दोनशे चाळीस चित्रं निघतात.

“काय करायचं?” मिस्त्रींनी विचारलं.

“फेकायचं. मी प्रसंग सांगते, तसं. शब्द सांगणार नाही.”

“मी सुतार आहे, गोलंदाज नाही.”

“म्हणूनच तुम्ही हवे आहात. बायकोने म्हटलं, मागच्या खोलीतली किल्ली दे. कशी द्याल?”

“उठून नेऊन देईन. तू तिला ओळखत नाहीस.”

शेवटी त्यांनी साठ वेळा पिशवी फेकली. केराच्या डब्यात, आडोशावरून, भिंतीवर, माझ्याकडे, आत्याकडे. मी प्रत्येक फेकीचा वेग आणि कोन काढला आणि आलेखावर ठिपके मांडले. दोन मिनिटांत मला नाचावंसं वाटलं. हर्लचे ठिपके वर एकटेच उभे होते. भिंतीपर्यंतचं चार मीटर अंतर पाव सेकंदात! लॉबचे बाजूला, सगळ्यांचा कोन मोठा आणि हवेतला वेळ हिशेबाने सेकंदाहून जास्त. दोन शब्द सुटले!

मग मी उरलेल्यांकडे पाहिलं आणि नाच जागीच राहिला. टॉस, चक, फ्लिंग आणि साधं थ्रो यांचे ठिपके एकमेकांत मिसळले होते, भांडण झाल्यावर रस्त्यावर गर्दी व्हावी तसे. केराच्या डब्यात टाकलेली पिशवी आणि माझ्या हातात टाकलेली पिशवी, दोन्हींचा वेग तोच. कोन तोच. साडेतीन मीटर तेच. शब्द मात्र वेगळे.

“हे शक्य नाही. काहीतरी फरक असलाच पाहिजे,” मी म्हणाले. “नाहीतर इंग्रजांनी चार शब्द कशाला केले असते?”

“हौस,” मिस्त्री म्हणाले. ते दंड चोळत होते.

आत्या सुईत दोरा ओवत मागे येऊन उभी राहिली होती. तिने फोनवरची दोन चित्रं पाहिली, पुन्हा पाहिली.

“यांचं डोकं कुठे गेलं?”

“कोणाचं?”

“मिस्त्रींचं. नुसता हात दिसतोय.”

“हात नीट मोजता यावा म्हणून मी चौकट हातापुरती ठेवली. आणि पिशवी हातातून सुटली की पुढचं कापलं. सुटल्यावर काय, नुसतं गुरुत्वाकर्षण. त्यात माहिती नसते.”

“माहिती नसते!” आत्याने सुई पदराला टोचली. “अगं, माणूस कापून टाकलास आणि झेलणाराही कापून टाकलास. मग उरलं काय? हात काय झाडाला लागलेला असतो?”

मी फोन उचलला आणि तिकाटणं सहा पावलं मागे नेलं. “मिस्त्री, आणखी वीस!”

“माझा खांदा तुझ्या आत्याने शिवून द्यायचा, आत्ताच सांगतो.”

या वेळी चौकटीत पूर्ण मिस्त्री आले, पलीकडची आत्याही आली. आम्ही तिघं फोनवर डोकी टेकवून बसलो. मी चित्रं एकेक करून पुढे सरकवत होते. केराच्या डब्याची फेक. हात मागे, हात पुढे...

“थांब,” आत्या म्हणाली. “डोळे बघ.”

पिशवी अजून हातात होती आणि मिस्त्रींची नजर डब्यावरून निघालीसुद्धा होती. मी दुसरी फेक लावली. तेच. तिसरी. तेच! पिशवी सुटायच्या आधीच माणूस तिच्यापासून मोकळा झाला होता.

“आता माझ्याकडे टाकलेली लाव.”

पिशवी सुटली, वर गेली, खाली आली, आत्याच्या ओंजळीत बसली. सगळा वेळ मिस्त्रींची नजर आत्यावरून हलली नव्हती. एकशे अडुसष्ट चित्रं. मी मोजली. सुटल्यावरही ते जणू पिशवी धरूनच होते, पलीकडे कोणी धरेपर्यंत. शेवटी त्यांनी मानसुद्धा किंचित हलवली होती, ‘मिळाली ना?’ अशी.

“हे मी केलं?” मिस्त्रींनी विचारलं. “मला माहीतच नव्हतं.”

मी ओरडले असेन, कारण दिव्यांच्या खोलीतून कोणीतरी डोकावलं. वेग नव्हता, कोन नव्हता, फरक नजरेत होता! मी भराभर बाकीचे प्रसंग लावले. भांडणात कोट फेकण्याचा प्रसंग होता, पिशवीलाच कोट मानून. त्यात मिस्त्रींची नजर कोटाकडे नव्हती, खुर्चीकडे नव्हती, ती होती माझ्याकडे, कारण मी बायको होऊन त्यांना टोमणे मारत होते. हात खांद्यापासून झाडल्यासारखा सुटला होता आणि कोट कुठे पडतो याची त्यांना फिकीरच नव्हती. हर्लमध्ये नजर भिंतीवरच्या एका ठिपक्यावर खिळलेली. लॉबमध्ये आधी वर, आडोशाच्या माथ्यावर.

“अगं, मग हे सगळं आपल्याकडे आहेच की,” आत्या म्हणाली. “कचरा आपण फेकून देतो. ‘देतो’ म्हणजे सुटलो त्याच्यापासून. दगड फेकून मारतो. कोट भिरकावतो. सफरचंद वरून उडवून देतो. आणि किल्ल्या आपण फेकत नाही गं. ‘किल्ल्या टाक ना इकडे’ असं म्हणतो. समोरचा टाकतो, आपण झेलतो.”

“आणि उशी?”

“उशी फेकायचीच. तिथे तुझी यादी बरोबर होती.”

मिस्त्री हसले. “ताई, सातातला एक मार्क मिळाला पोरीला.”

खोलीत परत आल्यावर आत्याचे हात मशीनसारखे चालू लागले. कोटाच्या काठातली वाळू तिने उसवून काढली आणि आतून पातळ, सुळसुळीत अस्तर लावलं. हवेत तो पंखांसारखा उघडायला हवा. वर्तमानपत्रांची सुतळी सोडली आणि पानं सैल केली, म्हणजे एखादं टोपलीबाहेर पडेल आणि नवरा ते उचलणार नाही. लाकडी सफरचंद बाद झालं. “खरं आणू. ती झेलेल आणि चावा घेईल.” फुलदाणीसाठी तिने जुन्या साच्यात प्लास्टरचा पातळ थर ओतला आणि आतून चाकूने चरे पाडले. मिस्त्रींनी ती वाळायला दिव्यापुढे ठेवली. ती एकदाच आणि मोठ्या तुकड्यांत फुटणार होती.

मी तोवर नवी यादी करत होते. या वेळी प्रत्येक ठिकाणाला एक कार्ड, वर मूळ शब्द, खाली प्रसंग, आणि मी जोडलेली नवी ओळ, ‘नजर कुठे’. सात कार्डं टेबलावर ओळीने मांडली. टॉस, थ्रो, चक, लॉब, फ्लिंग, हर्ल...

सातव्या कार्डासाठी मी शेवटचं पान उघडलं आणि पेन्सिल तशीच हातात राहिली.

नाटकाचा शेवट. बायको बॅग घेऊन दारात उभी. घराच्या किल्ल्या ती नवऱ्याकडे परत... आणि तिथला शब्द होता टॉस. पहिल्या पानावर नवरा कामावरून येऊन तिच्याकडे किल्ल्या टाकतो तिथे होता तोच. मी दोन्ही कार्डं शेजारी ठेवली. एकच शब्द, एकच जुडगा.

“आत्या, ती शेवटी किल्ल्या मारत नाही.”

“म्हणजे?”

“टाकते. त्याने झेलाव्यात म्हणून. लेखकाने याच्या दोनच पानं आधी हर्ल वापरलाय, फुलदाणीला. त्याला जोरात हवं असतं तर तोच शब्द हाताशी होता. ती घर सोडून चाललीय आणि तरी त्याच्याकडे बघतेय, त्याच्या हातात किल्ल्या पडेपर्यंत!”

आत्या शिवायची थांबली. आम्ही दोघी त्या दोन कार्डांकडे बघत राहिलो.

“पण सरांना शेवट जोरात हवाय,” ती म्हणाली.

तेही खरंच होतं. ‘शेवट म्हणजे स्फोट’ असं ते पहिल्या दिवसापासून सांगत होते. आणि जुडगा एकच. लोखंडी केला तर दारावर दणका होईल, पण पहिल्याच प्रसंगात बायकोचं नाक पुन्हा धोक्यात. झेलण्याजोगा केला तर शेवटी जोरात मारूनही आवाज फुसका येईल. खोली राहणार की जाणार हे ज्यांच्या हातात, त्यांचाच शेवट फुसका.

“दोन जुडगे केले तर? दिसायला सारखे?”

आत्याने मान हलवली. “करता येतील. पण मग तू आत्ता जे म्हणालीस ते खोटं ठरेल.” तिने किल्ल्या ओंजळीत खुळखुळवल्या. “लिहिलंय ना तसं?”

“लिहिलंय.”

“मग तसंच. पण हे सातवं कार्ड नटांना द्यायचं नाही. ते तू सरांना तोंडाने सांगायचं. कागदामागे लपायचं नाही.”

सात वाजता नाट्यगृहाला कुलूप लागतं. त्याआधी तिने जुडगा पुरा केला. किल्ल्यांच्या मध्ये नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे तुकडे शिवले, म्हणजे हवेत पसरणार नाहीत. दोन किल्ल्या मोकळ्या सोडल्या, आवाजापुरत्या. बोटात अडकेल अशी चामड्याची जीभ लावली. मी तराजूवर ठेवला. ब्याण्णव ग्रॅम.

दुसऱ्या दिवशी पावणेअकराला बायको सुजलेल्या नाकावर पावडर लावून आली आणि जुडगा बघून दोन पावलं मागे सरकली.

“मी तो झेलणार नाही. चेहरा माझं भांडवल आहे.”

“माझ्याकडे बघत राहा,” मी म्हणाले. “किल्ल्यांकडे बघूच नका.”

मी टाकला. तिने डोळे मिटून घेतले, पण हात पुढे झाला आणि जुडगा त्यात येऊन बसला. तिने एक डोळा उघडला. “अरे! हा तर आपणहून येतो!” सहाव्या वेळी ती एका हाताने झेलत दुसऱ्या हाताने केस सारखे करत होती.

अकरा वाजता दिग्दर्शक तिसऱ्या रांगेत बसले. व्यवस्थापकही आले. त्यांच्या हातात मोजपट्टी होती. येताना ते खोलीचं दार मोजूनच आले होते. आत्याने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

नवरा दारातून आला, थकलेला, बूट काढत. बायकोकडे बघून त्याने किल्ल्या टाकल्या. तिने वाचत असलेल्या पुस्तकावरून मान वर केली, झेलल्या आणि खिळ्याला अडकवल्या. एवढंच. पण व्यवस्थापक गालात हसले. हे दोघं रोज असंच करत असणार, नऊ वर्षं, हे एका क्षणात कळलं होतं. दिग्दर्शक पुढे सरकून बसले.

उशी गेली. वर्तमानपत्रं गेली, एक पान बाहेर राहिलं, बायको त्याकडे बघून काहीच बोलली नाही आणि ते न बोलणं शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आलं. सफरचंद आडोशावरून तरंगत गेलं आणि पलीकडून कराकरा चावल्याचा आवाज आला. कोट हवेत उघडला, दिव्याला घासून खुर्चीच्या पाठीवर अर्धा लोंबकळला. नवऱ्याची नजर तेव्हा बायकोवर होती, आणि ती तशी होती म्हणून मला पहिल्यांदाच त्याची भीती वाटली. मग फुलदाणी. तिने ती दोन्ही हातांनी उचलली, भिंतीवरचा एक बिंदू धरला, आणि...

पाच मोठे तुकडे. मिस्त्रींनी विंगेत माझा हात इतका दाबला की बोटं कळवळली.

सहा झाले. राहिला एक.

बायको बॅग घेऊन दाराशी गेली, किल्ल्या खिळ्यावरून काढल्या.

“आता जोरात!” दिग्दर्शक म्हणाले.

मी विंगेतून रंगमंचावर आले. माझं तिथे काम नव्हतं. “सर, तसं लिहिलेलं नाही.”

“काय?”

“पहिल्या पानावरचाच शब्द आहे. तीच हालचाल. यादीत मी सातही ठिकाणी ‘फेकतो’ लिहिलं होतं, म्हणून कोणाला दिसलं नाही. चूक माझी आहे, आत्याची नाही. पण दोन पानं आधी त्यांनी जोराचा शब्द वापरलाय आणि इथे मुद्दाम नाही वापरला.”

व्यवस्थापकांनी मोजपट्टी गुंडाळली. खट्कन आवाज झाला. दिग्दर्शकांनी मूळ पुस्तक उघडलं, शेवटचं पान पाहिलं, बोट तिथेच ठेवून पहिलं पान काढलं. पुन्हा शेवटचं. मला माझ्या कानांत नाडी मोजता येत होती. अठ्ठावीस ठोके झाले.

“करून बघा,” ते म्हणाले.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी हळूच डोळ्यांकडे बोट दाखवलं. तिने बॅग खाली ठेवली, नवऱ्याकडे बघितलं आणि किल्ल्या टाकल्या.

नवरा दणक्याची वाट बघत अंग चोरून उभा होता. दणका आलाच नाही. नऊ वर्षांच्या सवयीसारखा हात आपोआप वर गेला आणि किल्ल्या त्यात येऊन बसल्या. त्याने हाताकडे पाहिलं. मग तिच्याकडे. ती थांबली होती, त्याला मिळाल्या याची खात्री होईपर्यंत. मग बॅग उचलून ती गेली. आणि तो माणूस, जो बाहेर तिला चहाही विचारत नाही, किल्ल्या मुठीत धरून उभाच राहिला.



“पुन्हा,” दिग्दर्शक उभे राहून म्हणाले. तिसऱ्या वेळेनंतर ते धावत रंगमंचावर आले आणि पुस्तक वाऱ्यावर हलवत ओरडले. आवाज न चढवणारे आमचे दिग्दर्शक! “हाच! हाच शेवट! सहा आठवडे मी याचा गळा दाबत होतो!” मग त्यांनी नवऱ्याच्या मुठीतून जुडगा घेतला, तळहातावर तोलला, चामड्याची जीभ, नमदा, दोन मोकळ्या किल्ल्या, सगळं निरखून पाहिलं.

“ताई,” ते आत्याला म्हणाले. बाई नाही, ताई. “हा भाड्याने कुठे मिळाला असता?”

“नसता मिळाला,” आत्या म्हणाली. “भाड्याच्या दुकानात कोणी विचारत नाही, पकडणार कोण.”

व्यवस्थापकांनी मोजपट्टी खिशात टाकली आणि कपडे बदलण्यासाठी वरच्या मजल्यावरची पडीक खोली बघतो असं पुटपुटत निघून गेले.

तीन पायऱ्या उतरून आम्ही खोलीत आलो. मला आईला फोन करायचा होता, मिस्त्रींना मिठी मारायची होती, तो आलेख मोठा करून भिंतीवर लावायचा होता. आत्याने चष्मा लावला आणि माझी जुनी यादी पुढे ओढली.

“इकडे ये. दुसरा अंक. पेला ‘ठेवतो’, पत्र ‘ठेवते’, बॅग ‘ठेवतो’, हात ‘ठेवते’. अकरा ठिकाणी ‘ठेवणे’ आहे.” तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “पेला टेकवतो, आपटतो, की सरकवतो?”

मी कपाटातला जाड शब्दकोश काढला. मिस्त्रींची खोलीकडे येणारी पावलं दारापर्यंत आली, शब्दकोश पाहून थबकली आणि तिथूनच मागे फिरली.